सोमालियात ‘परके नकोत’ आणि ‘परके गेले तर बुडालो’: हा वाद नेमका काय आहे?

ऋता_पुणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. वर्गात दोन सोमाली आहेत, एक मुलगा राजधानी मोगादिशूचा आणि एक मुलगी हर्गेसाची, म्हणजे स्वतःला वेगळा देश म्हणवणाऱ्या सोमालीलँडची. एरवी दोघांचं छान जमतं, नोट्ससुद्धा एकमेकांच्या वापरतात. पण परवा कॅन्टीनमध्ये तुर्कस्तानवरून अशी जुंपली की पोहे गार झाले तरी कुणी हात लावेना. त्याचं म्हणणं, २०११ च्या दुष्काळात सगळं जग लांबून बघत होतं तेव्हा एर्दोआन कुटुंबाला घेऊन मोगादिशूत उतरले. मग रस्ते झाले, हॉस्पिटल झालं, सैन्याला शिकवायला तळ झाला. तिचं म्हणणं, तुम्हाला सारखा कुणीतरी बोट धरायला लागतो, आम्ही आमचं आम्ही उभं केलं. त्यावर तो म्हणाला, हो का, मग तुमचं बर्बेरा बंदर दुबईवाल्यांना कशाला दिलंत? पुढचं भांडण सोमालीत झालं, त्यामुळे मला काही कळलं नाही.

माझा सेमिनार नेमका याच विषयावर आहे. लायब्ररीत मिळतं ते बहुतेक बाहेरच्यांनी बाहेरच्यांसाठी लिहिलेलं आहे: मोहीम यशस्वी झाली का, खर्च किती झाला. सोमाली माणसं आपसात काय बोलतात, कुणाची बाजू कुठून येते, हे कुणी सांगेल का? इथे आफ्रिकेत राहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

टिळकरोडवरचा

वाद कसला त्यात? १९९२ ला अमेरिका गेली, मार खाऊन परतली. १९९५ ला संयुक्त राष्ट्रांनी गाशा गुंडाळला. मग इथिओपिया, मग युगांडा-बुरुंडी-केनिया, आता तुर्क आणि इजिप्त. तीस वर्षं दुसऱ्याच्या पैशावर चाललंय, आणि भांडतायत स्वावलंबनावर! त्यांना चालवता येत नाही, एवढंच. ताई, दुसरा विषय घ्या, मार्क तरी बरे मिळतील.

नैरोबीकर

ऋता, तू विद्यार्थिनी आहेस म्हणून एकेरीवर येतो, राग मानू नकोस. मी मूळचा मिरजेचा, गेली बरीच वर्षं नैरोबीत हिशेबनीस. इथे ईस्टली म्हणून भाग आहे, सगळा सोमाली व्यापाऱ्यांचा. तिथल्या काही घाऊकवाल्यांची कामं माझ्याकडे आहेत. साखर, तांदूळ, कापड. यातल्या बऱ्याच जणांचा माल मोगादिशू आणि किसमायोला उतरतो, वह्या मात्र इथे लिहिल्या जातात. दुपारच्या नमाजानंतर दुकानात चहा येतो, वेलची-दालचिनी घातलेला, साखर इतकी की चमचा उभा राहावा, आणि चहाबरोबर राजकारण. ते न ऐकता काम करणं अशक्य.

एवढं ऐकून माझं मत असं झालंय की तिथे ‘परके नकोत’ असं सरसकट म्हणणारा जवळजवळ कुणी नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचा परका नको असतो. तुर्कांवर ज्याचा जीव आहे त्याला संयुक्त अरब अमिराती डोळ्यांसमोर नको. किसमायोवाल्याला केनियाची फौज चालते, मोगादिशूवाल्याला ती खुपते. इथिओपियाच्या बाबतीत बहुतेकांचं एकमत असतं, तरी बैदोआचा माणूस खाजगीत वेगळं बोलतो. म्हणून मी घोषणा ऐकणं सोडलं आणि माझ्या धंद्यातले दोन प्रश्न विचारायला लागलो: शिपायाचा पगार कोण देतं आणि बंदरावरची जकात कुणाच्या खिशात पडते.

पगाराचं बघ. आफ्रिकन युनियनच्या फौजा २००७ पासून सोमालियात आहेत. त्यातल्या एका शिपायामागे युरोपियन युनियन महिन्याला १०२८ डॉलर मोजत होती. २०१६ मध्ये त्यात २० टक्के कपात झाली. त्याच नाक्यावर शेजारी उभ्या असलेल्या सोमाली शिपायाला साधारण १०० डॉलर, तेही बाहेरून आलेले, तेही वेळेवर आले तर. आता सांग, रात्री गोळीबार झाला तर जिवावर उदार होऊन कोण थांबेल?

मी ज्यांचं काम सगळ्यात जास्त करतो त्या पेढीच्या म्हाताऱ्या मालकांना सगळे हाजी म्हणतात. त्यांचा पुतण्या त्या सैन्यात होता. पगाराची तेव्हाची रीत अशी की रोकड तुकडीच्या कमांडरकडे यायची आणि तो वाटायचा. तुकडीत माणसं किती? कमांडर सांगेल तितकी. फार्माजो राष्ट्राध्यक्ष असताना, २०१८ च्या पुढे, शिपायांचे बोटांचे ठसे घेऊन पगार थेट त्यांच्या खात्यात टाकायला सुरुवात झाली आणि नुसते कागदावर असलेले बरेच शिपाई एका झटक्यात गळाले. काही कमांडरांनी थयथयाट केला. आमचे हाजी फार्माजोला एरवी वाट्टेल ते बोलतात, आणि बोलण्यासारखं आहेच: मुदत संपल्यावरही २०२१ मध्ये खुर्ची सोडेनात, शेवटी एप्रिलमध्ये मोगादिशूतच सैन्याच्या तुकड्या एकमेकांवर बंदुका रोखून उभ्या राहिल्या. पण त्या पगाराच्या खात्याबद्दल मात्र दुवा देतात. मलाही वाटतं की स्वावलंबनाच्या नावाने झालेल्या सगळ्या भाषणांपेक्षा ही एक पगारपत्रकाची दुरुस्ती मोठी होती. (यात युरोपियन लोकांचा सल्ला आणि पैसाही होता, तेवढं सेमिनारमध्ये सांगायला विसरू नकोस.)

उलटी बाजूही त्याच वर्षाची. अमिराती मोगादिशूत काही वर्षं सैनिकांना शिकवत होती आणि त्यांना पगारही देत होती. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या विमानातून ९६ लाख डॉलरची रोकड उतरली, ती सरकारने विमानतळावरच जप्त केली. अमिराती म्हणाली, पगाराचे पैसे आहेत. सरकार म्हणालं, आम्हाला न विचारता आमच्या शिपायांना पगार देणारे तुम्ही कोण? प्रश्न अगदी रास्त होता. अमिरातीने तळ बंद केला, चालवत असलेलं हॉस्पिटल बंद केलं, आणि शिकवलेल्या शिपायांपैकी काहींनी तळच लुटला, बंदुका बाजारात विकल्या. त्या आठवड्यात ईस्टलीत उभे दोन तट होते. एक म्हणे, अखेर कुणीतरी ताठ उभं राहिलं. दुसरा म्हणे, ताठ उभं राहिल्याने शिपायाच्या घरी चूल पेटत नाही. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर भांडण मिटलं नाही.

आता जकात. नाव-गाव सांगणार नाही. साखरेच्या एका कंटेनरच्या फाइलमध्ये मला दोन पावत्या दिसल्या. एक छापील, सरकारी शिक्क्याची, मोगादिशू बंदराची. दुसरी छोटी, तारीख-क्रमांक-रक्कम व्यवस्थित भरलेली, वर कुणाचंच नाव नाही. वहीत तिची नोंद ‘वाहतूक’. मी हाजींकडे बघितलं. ते म्हणाले, सरकारी पावती दाखवली तर पुढच्या नाक्यावर परत पैसे मागतात, ही दाखवली की थेट शहराबाहेर सोडतात. सरकारविरुद्ध लढणाऱ्या अल-शबाब या कडव्या इस्लामी गटाचा कर असा असतो. २०२० मध्ये मोगादिशूतल्याच अभ्यासकांनी काढलेला त्यांच्या वसुलीचा अंदाज महिन्याला निदान दीड कोटी डॉलरचा होता. आणि सरकारचा अर्थसंकल्प? त्यातला मोठा भाग अजून देणगीदारांचा. बाहेरच्या मदतीशिवाय जो स्वतःच्या वसुलीवर फौज पोसतो, तो देशात एकच गट आहे, आणि तो हा. ‘स्वावलंबन’ म्हटलं की शहाण्या सोमाली माणसाच्या पोटात गोळा येतो तो इथे.

टिळकरोडवरचे, तुमच्यासाठी वेगळं लिहितो, आता गिऱ्हाईक आलंय.

सुभेदार_कोरेगाव

मी १९९३-९४ ला बैदोआत होतो. संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या मोहिमेत आपली ६६ ब्रिगेड गेली होती, त्यात. वर्तमानपत्रात नाव मोगादिशूचं यायचं, तिथे अमेरिकन हेलिकॉप्टरं आणि टोळीप्रमुख जनरल ऐदीदची माणसं. आमच्याकडे काम वेगळं: रसद सांभाळणं, रस्ता उघडा ठेवणं, विहिरी, दवाखाना. गावात गेलो की औषध मागायचे ते आधी जनावराचं, मग माणसाचं. आमच्याबरोबर जनावरांचे डॉक्टर होते म्हणून आमची पत वाढली. उंटाला सुई टोचायची तर चौघांनी धरावं लागतं आणि पाचव्याने तोंडापासून लांब राहावं लागतं, एवढं शिकलो.

तिथे एक म्हातारा होता, टोळीचा वडीलधारा. भेटला की दुभाष्यामार्फत एकच विचारायचा, तुम्ही कधी जाणार? राग नव्हता त्यात, पाहुण्याला विचारावं तसं. आणि विहिरीचा पंप बिघडला की सकाळी आमच्या गेटवर पहिला तोच हजर. आम्ही डिसेंबर ९४ ला किसमायोहून नौदलाच्या जहाजांनी निघालो. पंपाचे सुटे भाग ठेवून आलो होतो. डिझेल कोण भरणार ते मात्र ठरलं नव्हतं.

टिळकरोडवरचे म्हणतात त्यांना चालवता येत नाही. पाण्याच्या पाळ्यांवरून दोन टोळ्यांत खून पडणार अशी वेळ आलेली, ती झाडाखाली दोन दिवस बसून त्या म्हाताऱ्यांनी मिटवली. आम्ही बाजूला बंदुका घेऊन उभे, आम्हाला कुणी काही विचारलंसुद्धा नाही.

ऋता_पुणे

सुभेदार साहेब, नैरोबीकर काका, खूप आभार. काका, दोन शंका. पहिली: ‘परक्या फौजा चालत्या व्हा’ हे तर अल-शबाबचंच वाक्य आहे. मग साधा माणूस तेच म्हणाला तर त्याला शबाबवाला ठरवत नाहीत का? दुसरी: माझ्या मैत्रिणीचं ‘आम्ही आमचं आम्ही उभं केलं’ कितपत खरं?

नैरोबीकर

पहिल्या शंकेवर तू बरोबर बोट ठेवलंस. त्यासाठी २००६ माहीत पाहिजे.

त्या जूनमध्ये इस्लामी न्यायालयांच्या संघटनेने मोगादिशूतल्या टोळीप्रमुखांना हाकललं. ही न्यायालयं गल्लीगल्लीत व्यापाऱ्यांच्याच पैशावर उभी राहिलेली, कारण चोराला कुणीतरी शिक्षा द्यायला हवी होती. कुणाला आवडो न आवडो, नाके उठले. ११ वर्षं बंद असलेलं विमानतळ आणि बंदर उघडलं. हाजी सांगतात, त्या वर्षी पहिल्यांदा माल सरळ मोगादिशू बंदरात उतरवला, तोपर्यंत लांबच्या आडवाटेच्या बंदरावर उतरवून ट्रकने आणायला लागायचा आणि वाटेतला प्रत्येक पोरगा बंदूक दाखवून हात पसरायचा. हेही सांगतात की त्याच लोकांनी विश्वचषकाचे सामने दाखवणारी थिएटरं बंद केली आणि त्यांचा धाकटा भाऊ त्यांना तेव्हापासून शिव्या देतो.

डिसेंबरमध्ये इथिओपियाची फौज अमेरिकेच्या पाठिंब्याने आत आली. केनियात बसून बनवलेलं सरकार तिच्या मागोमाग राजधानीत आलं. आता सोमाली माणसाच्या डोक्यात इथिओपिया म्हणजे १९७७-७८ चं ओगादेनचं युद्ध, सोमालिया त्यांच्याशी लढून हरलेलं. कुठलाही परका चालला असता, हा नाही. न्यायालयांच्या छत्राखालचा पोरांचा एक कडवा गट रातोरात प्रतिकाराचा झेंडा होऊन बसला. तोच अल-शबाब. दोन वर्षांनी, जानेवारी २००९ मध्ये, इथिओपियाचे रणगाडे परतले आणि त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष कोण झाले? शेख शरीफ शेख अहमद, म्हणजे ज्यांना हाकलायला हे सगळं केलं त्या न्यायालयांचे प्रमुख! मधल्या काळात मोगादिशू रिकामं झालं होतं. या एका प्रकरणामुळे आज कुठल्याही परक्या मदतीचं नाव काढलं की समोरचा पहिलं वाक्य ‘२००६ आठवतं ना?’ असं टाकतो.

पण दुसऱ्या बाजूचा माणूस लगेच २०११ काढतो. शबाबने आपल्या भागात जागतिक अन्न कार्यक्रमाला बंदी घातली होती. कारण काय दिलं? परदेशी धान्य नेमकं सुगीला येतं आणि आमच्या शेतकऱ्याचा भाव पाडतं. ऋता, ही तक्रार खोटी नव्हती. शबेले नदीकाठचा मका पिकवणारा माणूस ती शबाबच्या आधीपासून करत होता. तीच तक्रार बंदूकवाल्याने उचलली, पाऊस गेला, आणि जवळजवळ २ लाख ६० हजार माणसं मेली, त्यातली निम्मी पाच वर्षांच्या आतली पोरं. अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांच्या धाकाने मदतसंस्थाही हात आखडून बसल्या होत्या, ते पाप वेगळं. तेव्हापासून बिचारा शेतकरी धान्याच्या भावाबद्दल बोलायला लागला की लोक त्याच्याकडे संशयाने बघतात. तुझ्या शंकेचं उत्तर हेच: हो, ठरवतात. आणि सत्तेवर बसलेल्यांना ते सोयीचंही पडतं.

जुने लोक याआधीचीही एक हळहळ सांगतात. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत होते मोहम्मद सहनून, अल्जीरियाचे. त्यांचं म्हणणं, घाई नको, फौज कमी ठेवा, प्रत्येक भागातल्या वडीलधाऱ्यांशी बोलत पुढे चला. आपल्याच मुख्यालयाच्या ढिसाळपणावर त्यांनी उघड टीका केली, वरून दट्ट्या आला, ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरले, कॅमेऱ्यांच्या झगमगाटात. सुभेदार साहेबांचा तो झाडाखालचा प्रसंग वाचून मला सहनूनच आठवले.

आता हर्गेसा. तुझी मैत्रीण बरंच खरं बोलतेय. तेव्हाचा हुकूमशहा सियाद बर्रे, त्याच्या विमानांनी १९८८ मध्ये हर्गेसाच्याच धावपट्टीवरून उडून हर्गेसावर बॉम्ब टाकले. १९९१ च्या मे महिन्यात सोमालीलँडने वेगळं होत असल्याचं जाहीर केलं, जगाने ढुंकून बघितलं नाही. १९९३ मध्ये बोरामा गावी वडीलधाऱ्यांची परिषद कित्येक महिने चालली, खर्च मुख्यतः तिथल्याच लोकांचा, त्यातून एगाल अध्यक्ष झाले. मान्यता नाही म्हणजे जागतिक बँकेचं कर्ज नाही. मग एगालनी बर्बेराच्या व्यापाऱ्यांकडून उसने घेतले, त्या पैशातून बंदूकवाल्या पोरांना पगारी शिपाई केलं, आणि व्यापाऱ्यांना जकातीत सूट देऊन फेडलं. व्यापाऱ्याला सरकार टिकण्यात रस, सरकारला व्यापार टिकण्यात. हिशेबनीस म्हणून मला ही व्यवस्था फार आवडते.

पण तिचे पाय कशावर होते ते बघ: शेळ्या-मेंढ्या. बर्बेराहून हजच्या हंगामात लाखो जनावरं सौदीला जातात. २००० मध्ये सौदीने रिफ्ट व्हॅली तापाचं कारण देऊन आयात बंद केली, ती २००९ पर्यंत. स्वावलंबी सरकारचा गळा एका परक्या मंत्रालयाच्या पशुवैद्यकीय खात्याच्या हातात! मग २०१६ मध्ये बर्बेरा बंदर दुबईच्या डीपी वर्ल्डला दिलं, ४४ कोटी २० लाख डॉलरच्या गुंतवणुकीच्या बोलीवर. १ जानेवारी २०२४ ला इथिओपियाला समुद्रकिनारा देण्याचा करार केला, त्यावरून मोगादिशू पेटलं, तुर्कांनी मध्ये पडून मिटवलं. डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलने मान्यता दिली आणि पुन्हा भडका. आणि ‘आम्ही सगळे एक’ म्हणावं तर २०२३ मध्ये पूर्वेकडच्या लास आनोदच्या टोळ्यांनी सोमालीलँडच्या सैन्याला हाकलून लावलं, आम्हाला तुमच्यात राहायचं नाही म्हणून. म्हणजे हर्गेसाने मोगादिशूला जे ऐकवलं तेच लास आनोदने हर्गेसाला ऐकवलं.

खलाशी_रत्नागिरी

काका, समुद्राचं राहिलं. चाच्यांच्या काळात आम्ही एडनचं आखात ओलांडताना कठड्याला काटेरी तार गुंडाळायचो, पाण्याचे होज चालू ठेवायचो, रात्रभर गस्त. आपल्या नौदलाचं जहाज दिसलं की जीव भांड्यात पडायचा. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ३५ चाचे पकडून मुंबईत आणले, ते बहुतेकांना आठवत असेल. त्यांची बाजू अशी की सरकार कोसळल्यावर परदेशी ट्रॉलर त्यांच्या किनाऱ्यावर येऊन मासळी उपसून न्यायचे, त्यावर कुणी युद्धनौका पाठवली नाही. चाचेगिरीचं समर्थन नाही करत. पण बुल ट्रॉलिंगवरून (दोन बोटींनी एक जाळं ओढायचं) आमच्याकडे मिरकरवाड्यात काय होतं ते मी बघितलंय, त्यामुळे सुरुवात कशी झाली असेल ते समजतं.

टिळकरोडवरचा

सगळं वाचलं, माहिती छान. पण नैरोबीकर, मुद्दा टाळू नका. शेवटी आफ्रिकन युनियनची फौज जावी की राहावी? हो किंवा नाही. आणि ‘त्यांना चालवता येत नाही’ हे माझं वाक्य तुम्ही खोडलं नाहीत.

नैरोबीकर

खोडतो. २०२२ चा उन्हाळा, हिरान प्रांत. दुष्काळात शबाबने जनावरांवरचा कर सोडला नाही, पोरं भरतीला मागितली, विहिरी उडवल्या. तिथल्या टोळ्या उठल्या. मआवीस म्हणजे तिथली लुंगी. ती नेसून आपापल्या जुन्या बंदुका घेऊन निघाले म्हणून त्यांना मआविस्ले म्हणतात. सरकारने ही संधी साधली, मागे सैन्य लावलं, वर अमेरिकेचे आणि तुर्कांचे ड्रोन. काही महिन्यांत शबाबची वर्षानुवर्षांची गावं सुटली, डिसेंबरमध्ये अदान याबाल गावही सुटलं. ईस्टलीत त्या दिवशी पेढीवर खजुराचा डबा फिरला. सुरुवात परक्या फौजेने केली नव्हती, आराखडा कुठल्या परिषदेत ठरला नव्हता. चालवता येतं, टिळकरोडवरचे.

आणि मग एप्रिल २०२५ मध्ये अदान याबाल परत गेलं. का? हिरानचा लुंगीवाला आपली विहीर सोडवायला जीव देईल. शेजारच्या टोळीच्या गावात महिनोन्‌महिने पहारा द्यायला तो कशाला थांबेल? ते पगारी शिपायाचं काम. पगारी शिपाई पुरेसे नव्हते, होते त्यांना रजा नव्हती, आणि जखमीच्या घरी पैसे पोचतील याची खात्री नव्हती. आलं की नाही परत पगारपत्रकावर?

हो किंवा नाही विचारता, तर माझं उत्तर: गेली पाहिजे, पण एकेक तळ सोडताना त्या तळावरच्या सोमाली तुकडीचा वर्षभराचा पगार आधी बाजूला काढून. ही शक्यता किती, विचारू नका. २०२५ च्या जानेवारीपासून या मोहिमेचं नाव दुसऱ्यांदा बदललंय, माणसं जवळपास १२ हजार, आणि त्यांचा पैसा कुठून येणार हेच नीट ठरलेलं नाही. युरोप म्हणतो आम्ही पुष्कळ दिलं. त्यामुळे ‘चालते व्हा’ म्हणायचा मान सोमाली लोकांना मिळायच्या आधी परक्यांचेच पैसे संपतील असं मला दिसतंय.

ऋता_पुणे

काका, आज तुमचा प्रश्न दोघांना विचारला: पगार कोण देतं? आधी हसले. मग तो म्हणाला, मामा सैन्यात आहे, पगार येतो पण घर चालतं ते मिनेसोटाच्या मावशीवर. माझी फीसुद्धा तीच भरते. मुलगी म्हणाली, बाबा हर्गेसात सरकारी शाळेत शिक्षक, पगार आठ-दहा दिवस पुरतो, बाकी लंडनचा काका. मग दोघं मिळून मलाच म्हणाले, आमचं खरं अर्थखातं परदेशात आहे. हे परकं धरायचं की आपलं?

नैरोबीकर

वा! हे सेमिनारमध्ये घेच. परदेशातल्या सोमालींकडून येणारा पैसा अब्जांत आहे, कित्येक वर्षी तो सगळ्या मानवतावादी मदतीपेक्षा जास्त भरलाय. टाय लावलेल्या सल्लागाराशिवाय, परिषदेशिवाय येतो: फोनवर आकडा येतो, दुकानदार मान डोलावतो, संपलं. तिकडे शिलिंगच्या नोटा बहुतेक सगळ्या खोट्या म्हणून डॉलर, आणि डॉलरही मोबाइलवर. मोगादिशूत केळी विकणारी बाईसुद्धा रोख घेत नाही. पण याचाही गळा दुसऱ्याच्या हातात. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने अल-बरकात ही तेव्हाची सगळ्यात मोठी हवाला पेढी दहशतवादाच्या संशयावरून बंद केली. पुरावा पुढे काही सापडला नाही, लोकांचे पैसे मात्र अडकून पडले.

आणि पैसा आला की मत येतं. निम्मे मंत्री परदेशी पासपोर्टवाले, ही मोगादिशूतल्या तरुणांची रोजची कुरकुर. फार्माजो स्वतः अमेरिकन नागरिक, न्यूयॉर्क राज्यात बफेलोला सरकारी नोकरीत होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २०१९ मध्ये त्यांनी ते नागरिकत्व सोडलं. आमच्या पेढीवर याच्यावरून वाद झाला तेव्हा हाजींचा मुलगा म्हणाला, बॉम्ब फुटला की हे लोक विमान पकडतात, आम्ही कुठे जायचं? हाजींनी त्याला शांतपणे विचारलं, तुझी केनियन ओळखपत्रावरची जन्मतारीख खरी आहे का रे? सगळी दुकानं हसली. मीही, माझ्या व्हिसाची आठवण दाबून.

टिळकरोडवरचा

बरं, ‘चालवता येत नाही’ मागे घेतो. ‘चालवू देत नाहीत आणि चालवायला पैसे नाहीत’ असं म्हणतो. अवांतर: ती साखर कुठली हो, आपल्याकडची की युपीची?

नैरोबीकर

पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, पण मोम्बासात आणि तिकडे पोती बदलतात. पुढचा कंटेनर येईल तेव्हा बघून सांगतो. मागच्या खेपेला एका पोत्यावर मराठीत छापलेलं होतं, ते मी हाजींना वाचून दाखवलं. त्यांनी भाव विचारला.